दुभाषीची सही

पहिला नियम : मधे स्वतःचं काही घालायचं नाही.
डॉक्टर 'मी' म्हणाले की मीही 'मी' म्हणायचं,
पेशंट 'मी' म्हणाला की तेव्हाही मीच.
कॉव्हेंट्रीतल्या या बिनखिडकीच्या खोलीत
दर मंगळवारी मी अशी दोन माणसं होते
आणि तासाचे पैसे एकीचे घेते.

आज निवृत्ती तांबट, वय एकाहत्तर,
कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर.
मुलगी बाहेर, पार्किंगचं मशीन नाणी गिळतंय.
तिच्यादेखत बोलायच्या या गोष्टी नव्हेत,
म्हणून मला बोलावलंय, परक्या बाईला.

मिस्टर प्रिचर्ड सांगतात, मी सांगते :
प्रोस्टेट काढायची आहे. पोटाला सहा भोकं पाडीन.
यंत्राचे चार हात आत जातील,
मी तीन मीटरवर बसलेला असेन, डोकं एका खोबणीत घालून.
'असेन' निभावून नेतं, 'बसलेला' नेत नाही :
क्षणभर मला मिशा फुटतात.
यंत्र स्वतःहून काही करत नाही.
माझ्या हाताचा कंप तेवढा गाळून टाकतं.

मग धोके. रक्तस्राव. जंतुसंसर्ग.
कधी यंत्र बाजूला सारून पोट उघडावं लागतं.
लघवीवर ताबा राहणार नाही, काही महिने, क्वचित कायमचा.
आणि ते दुसरं.
इंग्रजीत त्याला एक स्वच्छ, धुतलेला शब्द आहे.
माझ्याकडे एक शिवी आहे आणि एक संस्कृत.
मी म्हणते, "बायकोजवळ जाणं जमेल, न जमेल."
हात कसे धुवावेत त्या तक्त्याकडे बघत तांबट म्हणतात,
"बायकू जाऊन नऊ वर्सं झाली. चालंल म्हणावं."
माझी बायको नऊ वर्षांपूर्वी वारली,
मी इंग्रजीत म्हणते.

काही विचारायचंय?
खुर्ची पुढे सरकते.
"हाताला लागतं का? चिवट हाय, मऊ हाय, कळतं?"
नाही. डोळ्यांनी बघून ओळखतो. किती ताणलं गेलं, त्यावरून.
"लाइट गेली तर?"
बॅटरी आहे. तीही गेली तर हात बाहेर काढून मी स्वतः उभा राहतो.
"न्हाई, कसं हाय," तांबट हनुवटी चोळतात,
"नवं मशीन आलं की आमचे पयले धा पीस भंगारात जायचे.
सायबांचा मी कितवा पीस?"

इथे मी थांबले.
भंगार जरा घासून गुळगुळीत करावं, असं जिभेला वाटलं.
जिभेला आवरलं. होतं तसं टेबलावर ठेवलं.

प्रिचर्डनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
तेविसावे, मी म्हणाले.
पहिले बारा दुसऱ्या सर्जनच्या नजरेखाली.
त्यातल्या एकाचं पोट उघडावं लागलं. तो बरा आहे.
हातानं केलेली तीनशेच्या वर; हवं तर तुमचीही तशी करीन.
किंवा काहीच करू नये, नुसती नजर ठेवावी.
तुमची गाठ सावकाश चालणारी आहे.

तांबट गप्प. मापात बसतंय का बघताना
एक डोळा बारीक होतो, तसा झालेला.

कागदाच्या तळाशी त्यांची ओळ. तिच्याखाली माझी :
'मला जमेल तितकं मी यांना सांगितलं आहे
आणि ते यांना समजलं, असं मला वाटतं.'
साऱ्या सकाळीतला हा एकच 'मी' माझा.
माझ्या पित्ताशयाच्या वेळी मी कागद वाचलाच नव्हता.
नर्सनं बोट ठेवलं, तिथे सही केली.
इंग्रजी मला येत होतं.

"आज न्हाई," तांबट म्हणाले. "कागद घरी नेतो."
आज नाही, मी म्हणाले.
आणि माझं पेन पर्समध्ये टाकलं.

बाहेर मुलगी : झालं का, अण्णा?
ते तिला दोन बोटांचा चिमटा करून दाखवत होते,
मनगट उलटं, आणखी उलटं,
माणसाचं फिरत नाही तिथवर.